देवाचा वाटा आणि बाजाराचा

मार्च उजाडला की केळापूर, घाटंजी, झरी-जामणी भागातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरची, म्हणजे पाड्यांवरची, माणसं पहाटेच मोहाखाली पोचतात. रात्रभर गळलेली फुलं वेचायची आणि अंगणात वाळत घालायची. त्यांतली काही खाण्यात येतात, काही गुरांपुढे जातात, काही आंबवून भट्टीवर चढतात. या शेवटच्या वाट्यानं यवतमाळ जिल्ह्यात एक अवघड प्रश्न उभा केला आहे. जी दारू देवाला चालते, ती माणसाला पाप कशी? आणि देवाला चालते म्हणून ती बाजारातही पवित्रच राहते का?

याच भागातल्या गोंडांच्या पूजेत मोहाच्या दारूचे थेंब आधी जमिनीवर सांडतात. तो वाटा पेनाचा, म्हणजे देवाचा, आणि पूर्वजांचा. माणसं पितात ती त्यानंतर, सगळ्यांबरोबर बसून.

हे कायद्याला कळत नाही असं नाही. कळतं, पण अर्धवट. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात धार्मिक विधीपुरती मद्याची परवानगी देण्याची तरतूद आहे. अमेरिकेनं १९१९ च्या दारूबंदी कायद्यात चर्चच्या विधीतली वाइन वगळली होती. आपल्या राज्यघटनेच्या दारूबंदीविषयक अनुच्छेद ४७ मध्ये मात्र सूट आहे ती औषधापुरती. पूजेचा तिथं उल्लेख नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा आदिवासी नेते जयपाल सिंग मुंडा यांनी नेमकं याच मुद्द्यावर बोट ठेवलं. तांदळाच्या मद्याशिवाय आदिवासींचे विधी होत नाहीत, तेव्हा ही बंदी या देशातल्या सर्वांत जुन्या लोकांच्या धर्मात हात घालते, असा त्यांचा आक्षेप होता. कलम तरीही मंजूर झालं.

त्यानंतरच्या काळात मद्याला प्रतिष्ठा मिळाली, पण ती द्राक्षाच्या. महाराष्ट्रानं २००१ मध्ये द्राक्ष-वाइनसाठी वेगळं धोरण आणलं आणि नाशिकचे द्राक्षमळे पर्यटनस्थळं झाले. अमेरिकेत मेरीलँडचा वाइन महोत्सव तर कित्येक वर्षं एका शेती-संग्रहालयाच्या आवारात भरत आला: जुनी अवजारं पाहायची आणि प्याला हातात घेऊन हिंडायचं. नाशिकचा पेला वारसा ठरतो आणि पोडावरचं मडकं पोलिसांच्या धाडीत फुटतं, हा अन्याय आहे.

मग नागपूरच्या अजब बंगल्यात, १८६३ पासूनच्या त्या संग्रहालयात, मोहाचा महोत्सव भरवला तर न्याय होईल?

नाही होणार. कारण दुसरी बाजू यवतमाळच्याच बायकांनी मांडली आहे. शेजारचा वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीत आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ बंदी होती. आपल्या जिल्ह्यातही ती व्हावी म्हणून ‘स्वामिनी’ चळवळीतल्या बायकांनी मोर्चे काढले. मजुरीचे पैसे गुत्त्यावर संपतात आणि मार घरात बसतो, हे त्यांनी रोज पाहिलेलं. त्यांच्यापुढे वारशाच्या गोष्टी सांगणं निर्दयपणाचं आहे. शिवाय त्यांचं भांडण पेनाच्या वाट्याशी नाहीच. रोज, एकट्यानं, उधारीवर जी प्यायली जाते, तिच्याशी आहे.

पूजेतल्या मोहाला पावित्र्य येतं ते त्या द्रवामुळे नाही. सणाचा दिवस ठरलेला, पहिला घोट दुसऱ्याचा, भोवती सगळं गाव. ही चौकट काढली की उरते नुसती दारू, मग ती गुत्त्यावरची असो वा संग्रहालयातल्या महोत्सवातली. तिकीट काढून आलेल्या पाहुण्याला चव मिळेल. पूर्वज काही मिळणार नाहीत. संग्रहालयाला खरंच काही करायचं असेल, तर त्यानं मोह पूर्ण दाखवावा: वेचणीची टोपली, वाळवण, बियांचं तेल, विधी, आणि त्याच दालनात दारूबंदीच्या मोर्चातले फलक.

राहिला निर्णयाचा प्रश्न. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात मद्यावर बंदी घालण्याचा किंवा त्याचं नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेलाही आहे, आणि यवतमाळच्या काही तालुक्यांतली गावं या क्षेत्रात येतात. म्हणजे पूजेपुरता मोह राखून विक्रीची भट्टी विझवायचा ठराव गावालाच मांडता येतो. त्या सभेत फुलं वेचणारी बाई हजर असते, आणि तिचं मतही मोजावं लागतं.