निश्चय हा एकट्याचा गुण आहे काय?

व्यसनमुक्तीच्या उपचारास गेलेला मनुष्य मध्येंच निघून आला, कीं भोवतालचे लोक एकच निवाडा देतात : ह्याचा निश्चयच कच्चा! निश्चय ही ज्याची त्याची खाजगी मिळकत असून ज्याच्यापाशीं ती नाहीं त्यास ती बाहेरून कोणी देऊं शकत नाहीं, असें तत्त्व ह्या निवाड्यांत गृहीत धरलेलें असतें. तें कितपत खरें आहे, हें आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. उपचारांत जितका अधिक काळ जाईल तितकें फळ सामान्यतः चांगलें, आणि तीन महिन्यांहून कमी मुदतीचा उपयोग बेताचाच, असा अनेक पाहण्यांचा निष्कर्ष आहे. शिवाय हेरॉइन कांहीं दिवस सुटलें कीं शरीराची सहनशक्ति उतरते, आणि मध्येंच परतलेल्या मनुष्यास पूर्वींचीच मात्रा प्राणघातक ठरूं शकते.

हेरॉइनच्या व्यसनावर मेथॅडोन देण्याची पद्धति न्यूयॉर्क येथें डॉक्टर डोल व डॉक्टर निस्वांडर ह्यांनीं १९६५ सालीं पुढें मांडली. मागाहून झालेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, रोज ६० ते १०० मिलिग्रॅम औषध मिळणारे रोगी त्याहून कमी मिळणाऱ्यांपेक्षां अधिक काळ टिकतात. अशा प्रयोगांत कोणास किती मात्रा द्यावयाची, हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरतें. आणि चिठ्ठी कांहीं धैर्यवान मनुष्य निवडून काढीत नाहीं! अमेरिकेंतील व्हरमाँट येथील हिगिन्स ह्यांचा १९९४ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोगही असाच बोलका आहे. कोकेनच्या व्यसनी लोकांच्या दोन गटांस सल्लामसलत सारखीच होती. परंतु एका गटास लघवीची तपासणी निर्दोष निघाल्यावर जिन्नस घेण्याचीं कुपनें मिळत. त्या गटांतील शेंकडा ७५ लोक चोवीस आठवडे टिकले. दुसऱ्यांतील शेंकडा ४०. तसेंच, मुलांना बरोबर ठेवूं देणाऱ्या संस्थांत त्यांच्या आया अधिक काळ राहतात, असेंही दिसून आलें आहे.

यावर कोणी म्हणेल, “मग मनुष्याचें कर्तृत्व तें काय उरलें?” आक्षेप विचार करण्याजोगा आहे. कुपनें मिळत असतांही शंभरांतले पंचवीस निघून गेलेच. एकाच छपराखालीं, एकाच औषधावर एक राहतो व दुसरा जातो. तेव्हां इच्छाशक्ति कांहींच नव्हे, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वाऱ्यांतून दिवा नेतांना बाई त्याला पदराआड धरते. ज्योत पदराची नसते, पण पदरावांचून ती अंगणही ओलांडीत नाहीं. १९८६ सालीं पुण्यांत निघालेल्या मुक्तांगण संस्थेंत व्यसनांतून सुटलेले लोक नवागताच्या मदतीस उभे राहतात, तो असाच पदर होय.

म्हणून कोणी उपचार सोडून आला असतां त्याच्या मनाची परीक्षा करण्यापूर्वीं विचारावें : त्यास औषध पुरेसें मिळालें काय? तेथें त्याच्याशीं माणुसकीनें कोणी बोललें काय? घरची चूल कोण पेटवीत होतें? ह्यांचीं उत्तरें आमच्यापाशीं नसतील, तर निवाडा देण्याचा अधिकारही आम्हांस नाहीं. आणि उत्तरें नकारार्थी असतील, तर त्याच्या जाण्यांत आमचाही वांटा आहे.