टर्बोचे बटण आणि धर्म

नव्वदच्या दशकात परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावी 'व्हिडिओ गेम' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच वस्तू येई. निन्तेन्दोच्या फॅमिकॉमची नक्कल केलेला, टीव्हीला जोडायचा प्लास्टिकचा डबा, वरून खोचायची कॅसेट आणि वायरीला लटकलेले दोन रिमोट. समुराई, मीडिया अशी त्यांची नावे. ज्यांच्या घरी तो नव्हता त्यांच्यासाठी तासाच्या भाड्याने खेळू देणारी दुकाने होती. कॅसेटमधल्या मारामारीच्या खेळांइतकेच मैदानी खेळही लोकप्रिय होते: टेनिस, फुटबॉल, एक्साइटबाइक आणि कोनामी कंपनीचा 'ट्रॅक अँड फील्ड'. या शेवटच्या खेळात शंभर मीटर धावायचे म्हणजे 'ए' हे बटण शक्य तितक्या वेगाने दाबत राहायचे. अंगठा भरून येतो, बोटे आखडतात, पडद्यावरचा धावपटू मात्र तेवढ्याच प्रमाणात पुढे सरकतो. पण या नकली डब्यांच्या रिमोटवर बहुधा आणखी दोन बटणे असत, टर्बोची. टर्बोवर अंगठा नुसता टेकवून ठेवला की रिमोटच 'ए' सेकंदाला कितीतरी वेळा दाबल्याचा निरोप डब्याला पाठवतो. धावपटू सुसाट सुटतो आणि विक्रम मोडतो. डब्याला यातले काही कळत नाही. प्रश्न एवढाच, की यात काही अधर्म घडला का? आणि घडला असेल, तर तो कुठे घडला?

प्रश्न पोरकट वाटेल, पण तो टाळून पुढे जाता येत नाही. कारण पडद्यावरच्या खेळांच्या इतिहासातच नियम कुणी सांभाळायचा याची दोन वेगळी उत्तरे एकाच वर्षी दिली गेली. १९७२ मध्ये अमेरिकेत राल्फ बेअर यांच्या कल्पनेवर उभा राहिलेला मॅग्नावॉक्स ओडिसी हा घरगुती संच विक्रीला आला. पडद्यावर दिसायचे फक्त काही पांढरे ठिपके आणि एक रेघ. मैदान दाखवण्यासाठी टीव्हीच्या काचेवर रंगीत पारदर्शक कागद चिकटवायचा. गुण मोजणे यंत्राला येत नव्हते. चेंडू कुणाचा चुकला, गुण कुणाला गेला, डाव संपला की नाही, हे समोरासमोर बसलेल्या दोघांनी ठरवायचे आणि मान्य करायचे. खोक्यात फासे, पत्ते आणि खोट्या नोटाही असत. म्हणजे यंत्र फक्त प्रकाश पुरवी, खेळाचा नियम माणसांच्या शब्दावर चाले. त्याच वर्षाच्या शेवटी अटारीचा 'पाँग' आला. अ‍ॅलन अ‍ॅल्कॉर्न या तरुण इंजिनिअरने बांधलेल्या या यंत्रात गुण पडद्यावर आपोआप उमटत. चेंडू परतवणाऱ्या फळीचे आठ भाग कल्पिले होते आणि चेंडू कुठल्या भागावर आदळला त्यावरून तो कोणत्या कोनात परतेल हे सर्किट ठरवी. फळी पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पोचत नसे. हा खरे तर सर्किटमधला दोष होता. पण तो काढला तर दोन तरबेज खेळाडू अखंड खेळत राहतील, म्हणून अ‍ॅल्कॉर्नने तो तसाच ठेवला. (सृष्टीत उणीव का ठेवली, या प्रश्नाला इतके सरळ उत्तर फार थोड्या निर्मात्यांनी दिले असेल.) पाँगमध्ये रडीचा डाव खेळता येतच नाही. गुण लपवता येत नाही, वाढवता येत नाही. ओडिसीत खेळणाऱ्याने प्रामाणिक राहायचे होते. पाँगने तो प्रामाणिकपणा तारांमध्ये ओतला. पुढची सारी वाट पाँगची झाली, हे वेगळे सांगायला नको.

माझे म्हणणे असे, की नियम यंत्रात गेला म्हणून धर्म यंत्रात जात नाही. जो भाग यंत्रात शिरतो तो धर्माचा सर्वात सोपा भाग असतो. याचा पुरावा खुद्द 'ट्रॅक अँड फील्ड'नेच दिला. १९८३ मध्ये हा खेळ आर्केडमध्ये आला तेव्हा त्याचा कस बोटांच्या वेगावर होता. थोड्याच काळात लोकांनी बोटे बाजूला ठेवली. पट्टीचे एक टोक धरून दुसरे बटणांवर थरथरवायचे, पेन्सिल दोन बटणांमध्ये झुलवायची, अशा युक्त्या पसरल्या. यंत्र प्रत्येक दाब बिनचूक मोजत होते. पण दाब बोटाचा की पट्टीचा हे त्याला समजण्याची सोयच नव्हती. यंत्रापर्यंत कर्माचा फक्त परिणाम पोचतो. कर्म पोचत नाही. टर्बोचे बटण ही त्याच पट्टीची कारखान्यात बनवलेली आवृत्ती आहे.

आपल्याकडच्या दर्शनांत या गोष्टीवर जुना वाद आहे. जैमिनींच्या मीमांसकांना कर्माचे फळ द्यायला ईश्वराची गरज वाटत नाही. विधी यथासांग झाला की त्यातून अपूर्व निपजते आणि फळ आपोआप येते. बादरायणांना हे पटत नाही, त्यांच्या मते फळ देणारा ईश्वरच. गेमचा डबा हा अस्सल मीमांसक आहे. आहुती पडली की फळ. हातात काय भाव होता याची विचारपूस नाही. पण निव्वळ यांत्रिक कर्माला भारतीय परंपरेत एकूण फार थोड्यांनी पूर्ण मान्यता दिली. कर्म ही वस्तूच आहे, आत्म्याला चिकटणारे सूक्ष्म पुद्गल आहे, असे सांगणारे जैन विचारक घ्या. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या गुहांत तीर्थंकरांसमोर माथा टेकणाऱ्यांचे हे तत्त्वज्ञान. इतके भौतिक कर्म मानूनही ते म्हणतात की मन-वाणी-शरीराच्या हालचालीने कर्म येते खरे, पण ते किती काळ चिकटून राहील आणि किती तीव्र भोगावे लागेल हे कषाय ठरवतात: क्रोध, मान, माया, लोभ. यातली माया म्हणजे कपट. बौद्धांनी तर चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच, कर्म म्हटले. या दोन्ही दृष्टींनी पाहिले तर टर्बोचा प्रश्न बटणापासून सुटतो आणि अंगठ्यामागच्या माणसाकडे जातो.

गंगाखेडच्या जनाबाईंची कथा इथे आठवावी अशी आहे. परंपरा सांगते, विठ्ठल रात्री जनीच्या खोपटात आला आणि जाताना आपले पदक तिथेच विसरला. सकाळी देवळात पदक नाही. शोधाशोध झाली, ते जनीकडे सापडले आणि तिला सुळावर देण्याचे ठरले. पुढे सुळाचे पाणी झाले, हा चमत्काराचा भाग श्रद्धेचा, तो बाजूला ठेवू. न्यायाच्या अंगाने पाहिले तर बडव्यांची मोजणी चूक नव्हती. पदक गेले होते आणि ते तिच्याचकडे सापडले होते. मुद्देमाल जुळला, निकाल चुकला. फळावरून कर्म वाचणाऱ्याची ही गत होते, आणि संतांच्या कथांमध्ये अशा न्यायाची वारंवार खोड मोडली जाते, ती उगीच नाही.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, आणि मराठवाड्यात तर तो अधिकच. माणसाच्या अंतःकरणावर भरवसा ठेवण्याचे परिणाम या मातीने भोगलेले आहेत. पाणवठ्यावर, देवळात, पंगतीत नियम कुणासाठी कडक आणि कुणासाठी सैल, हे माणसांनीच ठरवले. यंत्र जात विचारत नाही, आडनाव विचारत नाही. पाटलाच्या मुलाचा चेंडू चुकला तर गुण समोरच्याला मिळतो, आणि समोर सालगड्याचा मुलगा असला तरी मिळतो. अशा निर्विकार नियमाला कनिष्ठ कसे म्हणायचे? मी त्याला कनिष्ठ म्हणत नाही. कायदा हवाच, आणि तो माणसाच्या लहरीवर नको. पण ज्यांनी कायद्याचे मोल सर्वाधिक ओळखले त्या बाबासाहेब आंबेडकरांनीच १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे. नियम काय करायचे ते सांगून मोकळा होतो. तत्त्व माणसाला स्वतः पारखायला लावते, म्हणून त्यात जबाबदारी असते. धर्म नुसत्या नियमांचा संच झाला की जबाबदारी मरते, आणि जबाबदारी मेली की तो धर्म उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पाँगचे सर्किट हा नियमांचा निखळ धर्म आहे, त्यात चुकीला जागा नाही आणि म्हणून भलेपणालाही जागा नाही.

शिवाय यंत्राची समता पडद्याच्या चौकटीत संपते. टीव्ही कुणाच्या घरी आहे, त्या घरात कुणाला चपला काढून आत बसता येते आणि कुणाला खिडकीतून बघावे लागते, भाड्याच्या तासातली शेवटची दहा मिनिटे कुणाच्या वाट्याला येतात, मुलींच्या हाती रिमोट येतो की नाही, यातले काहीही डबा पाहत नाही. आणि चौकटीच्या आतसुद्धा सारे समान होते असे नाही. मूळ फॅमिकॉमचा दुसरा रिमोट नीट पाहिला तर त्यावर 'स्टार्ट' आणि 'सिलेक्ट' ही बटणे नाहीत. त्यांच्या जागी एक छोटा मायक्रोफोन आहे. खेळ सुरू करणे, थांबवणे, कोणता खेळ लावायचा ते ठरवणे हा अधिकार पहिल्या रिमोटवाल्याचा. दुसऱ्याला बोलता येते, थांबवता येत नाही. पहिला रिमोट आलटून पालटून घ्यायचा, हा नियम कोणत्याही कॅसेटमध्ये लिहिलेला नव्हता. तो पाळला गेला असेल तिथे पोरांनी आपणहून पाळला.

दुसरा आक्षेप अधिक हुशार आहे. टर्बो रिमोटवरच आहे, कुणी बाहेरून आणून लावलेला नाही. यंत्र जे करू देते ते खेळाच्या कक्षेतच आले, मग कपट कसले? द्यूतसभेतही असेच झाले होते. फासे पडले, मोजले गेले, डाव घोषित झाला, हरणाऱ्याने हार मानली. द्रौपदीने विचारले ते नियमाच्या भाषेतच: आधी स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावण्याचा हक्क उरतो का? भीष्मांसारख्या जाणत्यालाही उत्तर देता आले नाही, धर्माची गती सूक्ष्म म्हणून ते थांबले. नियमाने मुभा असणे आणि योग्य असणे यांत जी फट आहे ती त्या सभेत सर्वांना दिसली आणि तरीही उठले ते मोजकेच. टर्बोची फट अर्थातच क्षुल्लक आहे, त्यात राज्य जात नाही. पण फट त्याच जातीची आहे.

आता त्याच बटणाची दुसरी बाजू. सात वर्षांचा धाकटा भाऊ चौदा वर्षांच्या थोरल्याबरोबर शर्यत लावतो. त्याचा अंगठा पुरत नाही. थोरला म्हणतो, तू टर्बो वापर. मराठी मुलांना हा न्याय व्हिडिओ गेमने शिकवलेला नाही. लपंडावात, डबाऐसपैसमध्ये कच्चे लिंबू घेऊन खेळण्याची रीत फार जुनी आहे. डब्याच्या लेखी दोन्ही प्रसंग अगदी एकसारखे आहेत: तोच टर्बो, तेवढेच दाब, तोच आकडा. एकात फसवणूक आहे, दुसऱ्यात माया आहे, आणि इथे माया हा शब्द जैनांच्या अर्थाने घ्यायचा नाही. दोन कर्मे बाहेरून तंतोतंत सारखी असूनही त्यांचे मोल उलट असू शकते, हे दाखवणारे इतके स्वच्छ उदाहरण नीतिशास्त्राच्या पुस्तकात शोधूनही सापडणार नाही. आणि ते सापडले ते यंत्रामुळेच, कारण यंत्राने बाकीचे सारे समान करून ठेवले आणि फक्त हेतू मोकळा सोडला.

म्हणूनच आपला मोक्षपट नीतिमान आणि परदेशी व्हिडिओ गेम नीतिशून्य, ही नेहमीची तुलना मला पटत नाही. परंपरा मोक्षपटाचे श्रेय ज्ञानदेवांना देते आणि त्याच्या घरांवर सद्गुण-दुर्गुणांची नावे असतात, हे खरे. पण दयेच्या घरातून शिडी चढणाऱ्याने दया केलेली नसते, कवड्यांनी तसे दान दिलेले असते. मोक्षपट सद्गुणांचा पाठ देतो, परीक्षा घेत नाही. टर्बोचे बटण असलेला रिमोट पाठ देत नाही, परीक्षा मात्र दर शर्यतीला घेतो. संतांना हे कळत असावे असे वाटते. त्यांनी हुतूतू, विटीदांडू, चेंडूफळी अशा खेळांवर रूपके रचली. जिथे भिडूवर भरवसा ठेवावा लागतो असेच हे खेळ आहेत.

राहतो तो एकट्याने खेळणारा. समोर भिडू नाही, फसायला कुणी नाही. या खेळात यंत्र आकडा फार काळ सांभाळतही नाही. बटण बंद केले किंवा वीज गेली की विक्रम पुसला जातो, आणि मराठवाड्यात वीज किती वेळा जाई हे सांगायला नको. मग तो आकडा खेळणाऱ्याच्या तोंडी उरतो, म्हणजे आपण पुन्हा ओडिसीपाशी येतो: गुण माणसाने सांगायचे, माणसाने मानायचे. अमेरिकेत ऑटम्वा गावच्या ट्विन गॅलेक्सीज आर्केडने १९८२ पासून देशभरचे विक्रम नोंदवायला घेतले, तेव्हा यंत्राचा आकडा पुरेसा ठरला नाही. कुणीतरी तो खरा असल्याची ग्वाही द्यावी लागे. यावर कडक मताचे लोक म्हणतील की एकांतात दाबलेला टर्बोही स्वतःशी केलेली लबाडीच आहे. मला ते जास्त वाटते. एकट्याने टर्बोवर अंगठा टेकवून धावपटूला पळवणे हे पतंगाला ढील देऊन बघत राहण्यासारखे निरुपद्रवी आहे. त्यात कषाय नाही, कुतूहल आहे. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत तो आकडा सांगताना टर्बोचा उल्लेख गाळला, तर दोष लागतो तो तिथे, आणि त्या वेळी डबा घरी बंद पडलेला असतो.