मातींत अडकलेलें धन

शास्त्रपाठ : लूक १३ : ६–९



ह्या दृष्टांतांतील धनी तीन वर्षें फळाची वाट पाहून अंजिराचें झाड तोडावयास सांगतो. माळी मात्र भोंवतीं खणून खत घालण्यास एक वर्षाची मुदत मागतो. वरुड-मोर्शीकडील संत्र्याच्या बागाइतदारांस हा प्रसंग नवा नाहीं. झाडाचीं कोंवळीं पानें पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, फळ कमी येतें; मग कोणी कलमास दोष देतो, कोणी कुऱ्हाड शोधतो.

हें पिवळेपण बहुधा लोहाच्या उपासाचें असतें. आश्चर्य हें कीं, आपली काळी माती ज्या काळ्या पाषाणापासून झाली त्यांत लोह विपुल आहे. मग झाड उपाशी कां? जमिनींत चुनखडी फार असली म्हणजे लोह पाण्यांत विरघळत नाहीं, आणि जें विरघळत नाहीं तें मुळांस घेतां येत नाहीं. जस्ताचीही गत तीच. स्फुरदाचें खत घातलें तरी त्याचा पुष्कळ भाग चुना धरून ठेवतो. पाणी सांचल्यानें संत्र्याचें दुखणें आणखी वाढतें. अकोल्याकडे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत, सोडियम मातीच्या कणांस चिकटून बसतो. ओल नीट मुरत नाहीं, मुळें गुदमरतात.

तेव्हां अन्न मातींत आहे, पण तें अडकलेलें आहे. तें मोकळें करण्याचे उपाय साधे आहेत. कुजलेलें शेणखत लोहास विरघळलेलें राखण्यास साहाय्य करतें. हिराकशीची फवारणी पानांस तात्पुरता आधार देते. खारवट जमिनींत जिप्सम घालून पाण्यास वाट करून दिली म्हणजे सोडियम निघून जातो. परंतु आधीं माती तपासून घ्यावी. अकोल्यास १९६९ पासून कृषि विद्यापीठ आहे, आणि कृषि विज्ञान केंद्रांतही परीक्षण होतें. न तपासतां उधारीनें पोत्यामागून पोतें आणल्यास कर्ज वाढतें, झाड उपाशीच राहतें.

बंधूंनो, मंडळींतील माणसांविषयींही आपण असेच उतावीळ असतों. जो उपासनेस येईनासा झाला, ज्याचें देणें थांबलें, त्याचें नांव यादींतून काढावें असें आपणांस वाटतें. पण त्याचा विश्वास नाहींसा झाला आहे, कीं सावकाराच्या भयाखालीं व लाजेखालीं दबून पडला आहे, हें कोणी त्याच्या घरीं जाऊन विचारलें काय? आपल्या वऱ्हाडांत कर्जापायीं किती घरें उघडीं पडलीं तें तुम्हांस ठाऊक आहे. त्या माळ्यानें झाडास बोल लावला नाहीं; तो वांकून खणावयास तयार झाला. ह्या आठवड्यांत अशा एका घरीं तुम्ही जा. उपदेश मागाहून करा, आधीं त्याच्याजवळ बसा.