नात्याची खूण

इंग्रजीत ‘बॅड’ म्हणजे वाईट. फारसीत ‘बद’ म्हणजेही वाईट. आपल्या बदनाम, बदमाश या शब्दांतला ‘बद’ तोच. उच्चार जवळपास सारखा, अर्थही एकच. तरी हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत. फारसीतल्या ‘बद’चं जुनं रूप ‘वद’ होतं. मागे जाऊ तसतसं या दोघांतलं साम्य विरत जातं. आज ते जुळे वाटतात, हा निव्वळ योगायोग.

‘गिफ्ट’चं नेमकं उलट. इंग्रजीत ती भेटवस्तू, जर्मनमध्ये ते विष. जर्मनीत बाटलीवर ‘गिफ्ट’ लिहिलेलं दिसलं तर तिला हात न लावलेला बरा! पण हे दोन्ही शब्द मात्र एकाच घरातले, ‘देणं’ या अर्थाच्या क्रियापदातून आलेले. जर्मनमध्ये दिलेली वस्तू, मग दिलेली मात्रा आणि शेवटी विषाची मात्रा, असा अर्थ सरकत गेला. हुंड्याला मात्र जर्मनमध्ये अजूनही ‘मिटगिफ्ट’ म्हणतात. म्हणजे सोबत दिलेलं. तिथे जुना अर्थ शाबूत आहे.

उच्चार फसवतो, अर्थही फसवतो. मग नातं ओळखायचं कशावरून? डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने 1818 मध्ये आणि परीकथांमुळे आपल्या ओळखीच्या असलेल्या याकोब ग्रिमने 1822 मध्ये यावर प्रकाश टाकला. शब्द किती सारखे आहेत यापेक्षा ते कोणत्या शिस्तीने वेगळे आहेत, हे त्यांनी पाहिलं. आपले दोन, दहा आणि दात घ्या. इंग्रजीत ते टू, टेन आणि टूथ. जर्मनमध्ये त्स्वाय, त्सेन आणि त्सान. मूळचा ‘द’ संस्कृतमार्गे मराठीत टिकला. जर्मानिक भाषांत त्याचा ‘ट’ झाला आणि जर्मनने पुढे त्या ‘ट’चा ‘त्स’ केला. हे एखाद्या शब्दात घडलं नाही, शब्दामागून शब्दांत घडलं. योगायोगाला एवढी शिस्त नसते.

हा नियम कळला की इंग्रजी ‘टाउन’ आणि जर्मन ‘त्साउन’ आपोआप एका ओळीत येतात. त्साउन म्हणजे कुंपण. त्याचाच डच भाऊबंद म्हणजे बाग आणि आइसलँडिक ‘टून’ म्हणजे शेतघराभोवतीचं गवती कुरण. मुळात शब्द कुंपणाचा. जर्मनांनी तो कुंपणापाशीच ठेवला. डचांनी आतल्या झाडाफुलांना दिला, आइसलँडच्या शेतकऱ्यांनी आतल्या गवताला. इंग्रजांनी तो आत राहणाऱ्या माणसांना दिला: आधी एक शेतवाडी, मग गाव, मग शहर. ‘वॉशिंग्टन’च्या शेवटचा ‘टन’ हा तोच.

यातला खरा अर्थ कोणता, हा प्रश्नच गैरलागू आहे. ‘मूळ अर्थ तोच खरा’ असं म्हणून वाद जिंकू पाहणारे सगळीकडे भेटतात. पण टाउन म्हणजे कुंपण, असं लंडनमध्ये कुणाला सांगून पाहा! व्युत्पत्ती शब्दाचं कूळ सांगते. अर्थ ठरवतात ते तो शब्द रोज वापरणारे लोक. कुळाचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्याच्या जोरावर आजच्या बोलण्याला चूक ठरवू नये.

आणि दोन भाषांतले दोन शब्द सारखे वाटले, तर नुसत्या तोंडावळ्यावर सोयरीक जुळवू नये. त्यांच्यातला फरक आणखी चार शब्दांत तसाच सापडतो का, ते आधी तपासावं. सापडला तर नातं पक्कं समजावं.