वरचा धागा, आतला धागा

कापडाची पारख करताना पहिला प्रश्न विचारला जातो तो ते कशाचे आहे हा. रेशमी, लोकरी, सुती अशी प्रतवारी या एका उत्तरावर उभी राहते आणि दोन जातींचे धागे एकत्र आलेले दिसले की त्या कापडाकडे भेसळीच्या मालाकडे पाहावे तसे पाहिले जाते. या प्रतवारीत एक गोष्ट नजरेआड होते: सूत हा कच्चा माल आहे, कापड ही रचना आहे, आणि त्याच सुतातून रचना बदलून निराळ्या पोताचे, निराळ्या अर्थाचे वस्त्र निर्माण होऊ शकते. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत इंग्लंड, फ्रान्स व आयर्लंड येथे रेशीम आणि लोकर मिळून विणली गेलेली पोशाखी कापडे, त्यांतही बॉम्बझीन आणि पॉपलीन ही दोन, या विधानाचा जणू पुरावाच आहेत.

मागावर उभे ताणून बसवलेले धागे म्हणजे ताणा आणि धोट्याबरोबर त्यांच्यातून आडवा फिरणारा धागा म्हणजे बाणा. ताण्याला सतत ओढ सोसावी लागते, फणीचे घर्षण सहन करावे लागते. म्हणून तो बळकट आणि गुळगुळीत असावा लागतो. बाण्यावर तेवढा भार नसल्याने तो जाड, मऊ किंवा फुगीर असला तरी चालतो. रेशमाचा तंतू कोशातून शेकडो मीटर अखंड उलगडतो, बारीक असूनही चिवट असतो आणि प्रकाश परावर्तित करतो. लोकरीचा केस त्यामानाने आखूड, नैसर्गिक कुरळेपणा असलेला आणि पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असलेला असतो. त्यामुळे तो ऊब धरतो आणि प्रकाश विखरून टाकतो. या जोडीसाठी वापरली जाई ती वर्स्टेड लोकर, म्हणजे लांब केस विंचरून, समांतर लावून, घट्ट पीळ देऊन काढलेले सूत. इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यातील वर्स्टेड या खेड्यावरून त्याला हे नाव पडले. रेशमी ताणा आणि वर्स्टेडचा बाणा ही वाटणी अशा रीतीने धाग्यांच्या स्वभावातूनच ठरली होती. वाटणी ठरली तरी कापडाच्या दर्शनी अंगावर कोण राहील हे मात्र ठरत नव्हते. ते विणकराच्या हाती होते.

बॉम्बझीनमध्ये ट्विल, म्हणजे तिरप्या रेषा उमटवणारी वीण योजली जाई. तिच्यात बाण्याचा धागा ताण्याच्या एकाहून अधिक धाग्यांवरून तरंगत जाऊन मग एका धाग्याखाली शिरतो, त्यामुळे वर लोकर दिसते आणि रेशीम आत दडते. परिणामी कापडाला रेशमाचा सुळसुळीत झोक मिळतो, पण त्याची झळाळी मिळत नाही. गंमत अशी की या कापडाचे नाव रेशीमकिड्यासाठी असलेल्या ‘बॉम्बिक्स’ या लॅटिन शब्दापासून आलेले आहे. नावात रेशीम मिरवणाऱ्या वस्त्राने ते डोळ्यांपासून लपवले. नॉर्फकमधील नॉर्विच शहरात ही कला रुजली ती निर्वासितांमुळे. स्पेनच्या सत्तेखालील नेदरलँड्समधील धार्मिक छळामुळे देशोधडीला लागलेल्या डच व वालून विणकरांच्या 30 कुटुंबांना 1565 मध्ये राणी एलिझाबेथच्या परवानगीने या शहरात वसवण्यात आले. तेथील मंदावलेल्या विणकामाला नव्या कापडांची गरज होती आणि या ‘परक्यांना’ आसऱ्याची.

पॉपलीनमध्ये ताणा तोच रेशमाचा आणि बाणाही तोच लोकरीचा, तरी निकाल उलटा लागतो. येथे वीण साधी, एक वर एक खाली अशी असते. मात्र ताण्याचे बारीक धागे इतके दाट बसवले जातात की जाड बाणा त्यांच्याखाली पूर्णपणे झाकला जातो आणि त्याचे अस्तित्व फक्त आडव्या उंचवट्यांच्या रूपाने जाणवते. पृष्ठभाग रेशमी, अंग लोकरी, आणि प्रकाश त्या बारीक उंचवट्यांवरून ओळीओळीने सरकत जाणारा, असे हे वस्त्र समारंभी पोशाखासाठी पसंत केले गेले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने 1685 मध्ये प्रॉटेस्टंटांना दिलेली धर्मस्वातंत्र्याची हमी रद्द केल्यावर देश सोडून गेलेल्या ह्यूगनॉट विणकरांमुळे आयर्लंडमधील रेशीमकामाला बळ मिळाले आणि डब्लिन हे पॉपलीनचे नामांकित केंद्र बनले.

एकाच सामग्रीतून निघालेल्या या दोन कापडांना समाजाने परस्परविरोधी कामे दिली. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमध्ये शोकाचा पोशाख काळा असणे पुरेसे नव्हते. तो निस्तेजही असावा लागे, कारण चकाकी हे आनंदाचे लक्षण मानले जाई. काळे बॉम्बझीन या अपेक्षेत तंतोतंत बसले. 1861 मध्ये पती प्रिन्स अल्बर्टच्या मृत्यूनंतर राणी व्हिक्टोरियाने 1901 पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, काळा पोशाख सोडला नाही आणि या रिवाजाला राजमान्यता मिळाली. रेशीम परवडणारे कुटुंब रेशीम विकत घेई, पण ते आत ठेवून. ऐपत आणि शोक या दोहोंची मर्यादा एकाच विणीत सांभाळली जाई. जो धागा दिसत नाही तो स्वस्त झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, हा व्यवहारही मग ओघाने आलाच: पॅरामॅटा नावाच्या तशाच कापडात पुढे रेशमी ताण्याच्या जागी सुती ताणा आला.

वर काय असावे आणि आत काय असावे या प्रश्नाला नैतिक अर्थ देणारी परंपरा भारतालाही अपरिचित नाही. मुसलमान पुरुषांनी शुद्ध रेशीम अंगाला लावू नये या धार्मिक संकेतातून मश्रू हे कापड लोकप्रिय झाले; ‘मश्रू’ या अरबी शब्दाचा अर्थच मुळी ‘संमत’ असा आहे. त्याच्या अतलशी, म्हणजे सॅटिनच्या, विणीत रेशीम बाहेरच्या अंगाला राहते आणि कातडीला स्पर्श होतो तो सुताचा. औरंगाबादचा हिमरू हाही रेशीम आणि सूत यांच्या संगनमताचाच प्रकार होय. महाराष्ट्रातील सोवळ्याच्या आचाराने वेगळी रेषा आखली: पूजेला व स्वयंपाकाला रेशमी मुकटा चालतो, लोकरीची धाबळीही चालते, सुती वस्त्राला मात्र धुऊन वाळवल्यावाचून ते स्थान मिळत नाही. या आचारामागील शुद्धाशुद्धतेची कल्पना आज मान्य होण्यासारखी नसली तरी तिने केलेले वर्गीकरण रसायनशास्त्राशी जुळते, हे लक्षणीय आहे; रेशीम आणि लोकर हे दोन्ही प्राणिज प्रथिनांचे तंतू आहेत, कापूस हा वनस्पतीचा सेल्युलोज आहे, आणि म्हणूनच पहिले दोन एकाच आम्लयुक्त रंगात रंगवता येतात, तर कापसाला निराळे रंग लागतात.

या वस्त्रांचा अस्त कारखानदारीने घडवला, तसाच तो रिवाज बदलल्यानेही घडला. एकोणिसाव्या शतकात ब्रॅडफर्डच्या यंत्रमागांनी नॉर्विचला मागे टाकले आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी दीर्घ शोकाची प्रथाच ओसरू लागली. शोकवस्त्रांवर लावल्या जाणाऱ्या सुरकुतीदार रेशमी क्रेपच्या उत्पादनावर मोठी झालेली एसेक्सची कोर्टोल्ड कंपनी तेव्हा नव्या मालाच्या शोधात होती. तिने 1904 मध्ये व्हिस्कोजचे, म्हणजे आजच्या रेयॉनचे, इंग्लंडमधील हक्क विकत घेतले. कृत्रिम रेशमाच्या युगाला भांडवल मिळाले ते अशा रीतीने काही अंशी शोकाच्या कापडातून.

बॉम्बझीन आज संग्रहालयात आणि जुन्या कादंबऱ्यांत उरले आहे. पॉपलीन मात्र महाराष्ट्रातील कोणत्याही कापडदुकानात परकरासाठी आणि अस्तरासाठी मीटरवर मिळते. त्यात रेशमाचा तंतू नाही, लोकरीचा केस नाही. पण कसदार सुती पॉपलीन उजेडात तिरपे धरले तर बाण्यापेक्षा दाट बसवलेला ताणा आणि त्यामुळे उठलेली अस्पष्ट आडवी रेघ अजूनही दिसते. धागे दोन्ही बदलले. वीण तीच राहिली, आणि नावही तिच्यासोबत राहिले.