उठवू का, आजी?

पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत नेटवर्क धड येतं ते देवळाच्या पायरीवर. रात्री आठला तिथे बसून मी फोनवर जपानी शिकतो. मागच्या आठवड्यात एक शब्द आला, ‘कोएकाके’. शब्दशः पाहिलं तर आवाज देणं. म्हाताऱ्या माणसाला हात लावायच्या आधी त्याला सांगायचं: आता उठवतो, आता कूस बदलतो, पाणी जरा गरम आहे. समोरच्याला काही आठवत नसलं, कळत नसलं, तरी सांगायचं.

वहीत उतरवून घरी आलो, तर काकू आजीला उचलून बसवत होती. एक शब्द न बोलता. दिवसातून दहा वेळा करायचं काम, बोलणार तरी किती?

आमच्याकडून माणसं बाहेर जाणं नवीन नाही. महाड-पोलादपूरचे पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेले, मनीऑर्डरवर गावं चालली. 1982 च्या संपाने ते मोडलं. पण गिरणीत जायला कुणाला नवी भाषा शिकावी लागली नव्हती. जपानने 2019 मध्ये परदेशी कामगारांसाठी ‘तोकुतेइ गिनो’ व्हिसा सुरू केला, 2021 मध्ये भारताशी त्याचा करार झाला. वृद्धांच्या सेवेला तिथे ‘काइगो’ म्हणतात. त्यासाठी एन-4 च्या आसपासची जपानी हवी, शिवाय काइगोच्या भाषेची आणि कामाची वेगळी परीक्षा. पहिल्या टप्प्याचा व्हिसा एकूण पाच वर्षांचा, आणि त्यावर घरच्यांना सोबत नेता येत नाही. म्हणजे परक्या आजीसाठी जायचं, तर आपली आजी मागे ठेवायची.

गावात लोक म्हणतात, घरच्यांचं करणं ती माया, पैसे घेऊन करणं ती नोकरी. मलाही हे पटायचं. आता तितकं पटत नाही. कारण आमच्या घरातली माया म्हणजे काकू. तिला कुणी विचारलं नाही, शिकवलं नाही, सुट्टी तर नाहीच. गुडघे तिचेही दुखतात. जपानमध्येही हे काम वर्षानुवर्षं सुनांच्याच गळ्यात होतं. आज तिथे चारातल्या एकाहून जास्त माणसं पासष्टीच्या पुढची आहेत. 2000 साली त्यांनी काइगोचा विमा आणला. चाळिशीनंतर प्रत्येकाने हप्ता भरायचा आणि म्हातारपणाचा भार एकट्या घरावर टाकायचा नाही. सगळं सुटलं असं नाही, नाहीतर माझ्यासारख्याची गरज कशाला पडली असती? पण हे काम आहे, त्याला कौशल्य लागतं आणि मोल द्यावं लागतं, एवढं तरी त्यांनी मान्य केलं.

मला खरं टोचतं ते वेगळंच. चोवीस वर्षांत मी आजीची कूस एकदाही बदललेली नाही. तिला आंघोळ घालणं नातवाला शोभत नाही म्हणे, ते एक वेळ सोडा. पण घास भरवणं, नखं कापणं? कुणी अडवलं होतं? जे काम घरात बायकांचं म्हणून मी कधी पाहिलंही नाही, तेच मी परक्या भाषेत पाठ करतोय, आणि त्याचा पगार मला मिळणार आहे.

आणि भाषेचं तर गंमतच आहे. तिथल्या म्हाताऱ्यांना आडनावापुढे ‘सान’ लावून आदराने बोलायचं. आमच्या घरी आजोबांना ‘तुम्ही’, आजीला ‘तू’. त्या ‘तू’मध्ये जीव आहेच. पण आपलीच आहे, तिला काय विचारायचं, हेही त्यातच आहे. मला वाटतं, माया असली म्हणजे विचारायची गरज नाही, असं आपण फार सहज धरून चालतो.

रविवारी मी आजीजवळ गेलो. म्हटलं, “आजी, आता तुला उठवतो. चालेल?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “मंग उठव ना. पावन्यावानी इचारतोस काय?”

हात कुठे घालायचा तेही मला नीट जमेना. काकू दारात उभी राहून बघत होती. जवळ येऊन तिने माझा डावा हात आजीच्या पाठीखाली सरकवला, म्हणाली, “असा,” आणि पडवीत जाऊन पाय पसरून बसली.