सापाचा ताप

सापाला आपल्यासारखं खोकता येत नाही. आपल्या छातीखाली श्वासपटल असतं, त्याच्या जोरावर आपण साचलेला कफ बाहेर टाकतो. सापाला ते नसतंच. फुफ्फुसात चिकट द्राव साचला की तो डोकं वर धरतो, तोंड किंचित उघडं ठेवतो आणि तसाच श्वास घेत राहतो. कान जवळ नेला तर बारीक शिट्टी ऐकू येते.

हे मला ओहायोत, एमएसच्या पहिल्या हिवाळ्यात कळलं. रूममेट काही आठवड्यांसाठी घरी गेली आणि तिचा बॉल पायथन माझ्यावर सोपवून गेली. हा पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर. घाबरला की चेंडूसारखं वेटोळं करतो, म्हणून हे नाव. काचेच्या पेटीची एक बाजू साधारण ३२ अंशांवर, दुसरी थोडी थंड. काम सोपं होतं: पाणी बदलायचं आणि थर्मोस्टॅटवरचा आकडा बघायचा. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “अगं, सांभाळायला तुला दुसरं काही मिळालं नाही का?”

पाचव्या दिवशी लॅपटॉप चार्ज करायला मी हीटिंग मॅटचा प्लग काढला. परत लावायचा राहिला. चार दिवसांनी लक्षात आलं. बाहेर बर्फ होता, खोलीत मी दोन स्वेटर घालून बसले होते. गुपचूप प्लग लावला. दहाएक दिवसांनी त्याच्या नाकपुडीशी बुडबुडे दिसले.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केलं. दर तीन दिवसांनी एक इंजेक्शन, तेही शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात. कारण सापाच्या मागच्या भागातलं रक्त हृदयाकडे परतताना मूत्रपिंडांतून जाऊ शकतं आणि औषध तिथेच गाळलं जाण्याचा धोका असतो. त्यांनी विचारलं, मध्ये पेटी गार पडली होती का? मी म्हटलं, “माहीत नाही.” ते म्हणाले, संसर्ग आधीपासूनही असू शकतो, नक्की सांगता येत नाही. या एका वाक्याला मी कितीतरी दिवस धरून राहिले.

मग रात्री जागून वाचत बसले. मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात वाळवंटी इग्वानांवर प्रयोग केले होते. जंतुसंसर्ग झालेल्या सरड्यांना जागा निवडायची मुभा दिली, तर ते नेहमीपेक्षा गरम जागी जाऊन बसत. वेगवेगळ्या तापमानांत ठेवून पाहिलं, तर जास्त उबेत ठेवलेले सरडे जास्त संख्येने जगले. म्हणजे त्यांनाही ताप येतो. फक्त आपला ताप आपल्या आत चढतो आणि त्यांना तापापर्यंत स्वतः जावं लागतं. रानातल्या सापाचा ताप उन्हात असतो, तापलेल्या दगडावर असतो. पेटीतल्या सापाचा ताप भिंतीवरच्या प्लगमध्ये असतो. तो मी काढला होता.

हे वाचेपर्यंत मला वाटत होतं, मी केवढी चांगली वागतेय. बर्फातून टॅक्सीने दवाखाना, इंजेक्शनं, रात्री उठून आकडा बघणं. त्या दिवशी दोन शब्द वेगळे झाले: दया आणि देणं. ज्याचं आपण काही लागत नाही त्याला दिली ती दया. ज्याचं घेतलंय त्याला परत केलं ते देणं. ज्या प्राण्याचं ऊन आपण काढून घेतलं, त्याला ऊब देणं यात उपकार कसला? आणि संसर्ग आधीपासूनच असला तरी हिशोब बदलत नाही. आजारी पडल्यावर सरपटत जायला त्याला चार दिवस जागाच नव्हती.

लहानपणी आजोळी नागपंचमीला गारुडी दारात यायचा. आम्ही वाटीत दूध द्यायचो, हात जोडायचो. साप मुळात दूध पीत नाही. त्याला आधी कित्येक दिवस तहानलेलं ठेवतात, म्हणून तो समोर येईल ते पितो. ते दूध श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसं खराब होतात. आम्हाला मात्र छान वाटायचं. समाधान सगळं टोपलीच्या बाहेर होतं. ओहायोत टोपलीच्या जागी काच होती, एवढाच फरक.

मग पाळूच नये का? मला अजून ठाम उत्तर देता येत नाही. पण पाळणाऱ्याने एवढं समजून घ्यावं की तो नुसता प्राणी घरी आणत नाही, त्या प्राण्याचं हवामानही अंगावर घेतो. कुत्रा आजारी पडला तर कण्हतो, जवळ येतो, बरा झाला की शेपूट हलवतो. साप यातलं काहीच करत नाही. आपण चुकलो हे तो सांगत नाही आणि सुधारलो तर आभारही मानत नाही. आपलं वागणं तपासायला तिथे आपल्याशिवाय कोणी नसतं.

रूममेट परतली तेव्हा इंजेक्शनं संपत आली होती आणि शिट्टी थांबली होती. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, तू होतीस म्हणून तो वाचला. मी हसून ते आभार घेतले. दोन दिवस ठेवलेही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात तिला प्लगचं सांगितलं. डॉक्टरांना काय सांगितलं तेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढून तिने प्लग भिंतीला पक्का चिकटवला. पुढचे काही दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

काही आठवड्यांनी त्याने कात टाकली, पहिला उंदीर खाल्ला. त्या रात्री मी पेटीपाशी गेले. तो गरम बाजूला वेटोळं करून पडला होता, तोंड मिटलेलं. मी आकडा बघितला. ३२ होता.